छप्पन्न वेढे

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. माझं वय एकसष्ट. चंदीगडात येऊन तेवीस वर्षं झाली होती आणि बावीस सेक्टरच्या बाजारात, बसस्टँडच्या अंगाला, माझं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे शटर वर केलं की दिसलं तेवढंच. डाव्या हाताला माझं टेबल, उजव्या हाताला आमच्या मंडळींची शिलाई मशीन. मी पंखे, कूलर, पाण्याच्या मोटारी बांधायचो. ती साड्यांना फॉल-पिको करायची आणि पंजाबी बायकांचे सूट शिवायची.

माझी शाळा चौथीपर्यंत. सातारा जिल्ह्यातनं पलटणीत भरती झालो, तिथल्या वर्कशॉपात हे काम शिकलो, आणि सुटल्यावर गावाकडं न जाता इथंच राहिलो. का राहिलो म्हणून कोणी विचारलं तर मी सांगतो, रस्ते सरळ आहेत. खरं कारण एवढंच की गावात परत जाऊन भावांच्या हाताखाली राहणं माझ्या स्वभावाला जमलं नसतं.

वाइंडिंग काय असतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मोटार जळाली की आतली तांब्याची तार काळी पडते. ती काढायची. काढताना वेढे मोजायचे. मग नवी तार घेऊन तेवढेच वेढे भरायचे, वार्निश पाजायचं, सुकवायचं. सगळं इमान त्या मोजण्यात. वेढे कमी भरले तर पंखा दोन दिवस फिरतो, तापतो आणि जळतो. तोवर वाइंडरनं उरलेलं तांबं भंगारात विकलेलं असतं. बाजारात असे वाइंडर होते. मी त्यांच्या दुकानी चहासुद्धा घेत नसे.

मी मोजायला लागलो की दुकानात कोणी बोलायचं नाही, असा माझा नियम होता. गिऱ्हाईक उभं असलं तरी उभंच राहायचं. मंडळी मशीनवरचा पाय उचलून धरायची आणि हात मांडीवर ठेवून बसायची, कारण त्या खडखडाटात माझा आकडा हुकायचा. एका पंख्याला दोन-दोन तास. तेवीस वर्षं तिनं असा पाय उचलून धरला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. काम म्हटल्यावर शिस्त आलीच.

त्या वर्षी ऑगस्टात, घामानं अंगरखा पाठीला चिकटलेला, डॉक्टर आले. डॉक्टर म्हणजे बत्तीस सेक्टरच्या सरकारी दवाखान्यात भूल देणारे, नागपूरकडचे, पस्तिशीचे. मराठी मंडळाच्या गणपतीत मी दिव्यांच्या माळा जोडायचो तिथं ओळख झालेली.

"काका, पेशंट आणलाय."

"पंखा?"

"नाही. पंख्याचा नातू."

आणि खिशातनं रुमाल काढून टेबलावर उलगडला. आत एक मोटारगाडी. तळहातावर मावेल एवढी, निळी, आत ड्रायव्हरसुद्धा बसवलेला.

"हे खेळणं आहे," मी म्हणालो.

"खेळणंच आहे. पण माझं आहे."

डॉक्टर कसल्याशा परिषदेला अमेरिकेत जाऊन आले होते, तिथनं दोन गाड्या आणल्या होत्या. आल्या-आल्या तिकडचा एकशेदहा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आपल्या दोनशेतीसच्या प्लगात खुपसला. ट्रान्सफॉर्मर गेला आणि जाता-जाता गाडीलाही घेऊन गेला. माणसाला किती थेंब औषध द्यायचं ते ह्यांना कळतं, पण प्लग लावायच्या आधी मागची चिठ्ठी वाचायचं कळत नाही. मी तसं तोंडावर बोललो. डॉक्टर हसले.

"ह्या पळतात कशा?"

"रस्त्याला फट असते, काका. गाडीच्या पोटाखाली एक जीभ आहे बघा, ती फटीत बसते. फटीच्या दोन्ही बाजूंनी तांब्याची पट्टी, त्यातनं करंट. हातात बंदुकीसारखा घोडा. दाबाल तेवढी पळते. वळणावर जास्त दाबला की उडून भिंतीला."

"स्टेअरिंग?"

"नाही."

"ब्रेक?"

"नाही. बोट उचलायचं, बस."

"मग ह्यात चालवायचं काय?"

मशीनवरनं मान न उचलता मंडळी म्हणाल्या, "बोट कधी उचलायचं, ते."

मी तिकडं लक्ष दिलं नाही. गाडीचे दोन स्क्रू काढले होते आणि मोटार माझ्या चिमटीत आली होती.

अंगठ्याच्या पेराएवढी मोटार. तिचं झाकण उचकटलं आणि आतलं आर्मेचर, म्हणजे फिरतं ते, बोराएवढं. त्याला तीन दात, प्रत्येक दातावर केसासारखी तार. पलटणीत मी टँकची मोटार बांधली आहे, जी उचलायला दोघं लागतात. पण हत्ती घडवायला जागा तरी मिळते; ही मुंगी घडवताना हात कुठं ठेवला असेल करणाऱ्यानं? तिलाही तेच सगळं होतं. तेच दात, तोच कम्युटेटर, तेच ब्रश, तेच लोहचुंबक. काही म्हणजे काही वगळलेलं नव्हतं. मी भिंग लावून किती वेळ बसलो कोण जाणे. डॉक्टर कधी गेले ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोजलं. एका दातावर नव्वद वेढे, अडतीस नंबरची तार. तार जेवढी बारीक तेवढा नंबर मोठा, हे ध्यानात ठेवा.

आता माझी चूक सांगतो. मी मनाशी म्हणालो, बिचारी एकदा जळाली आहे, पुन्हा जळायला नको. चाळीस नंबरची आणखी बारीक तार घेतली आणि दर दातावर एकशे चाळीस वेढे भरले. डोळ्यांतनं पाणी आलं, पण भरले. चाळीस वर्षांत मी कुणाला वेढा कमी दिला नव्हता. ह्या मुंगीला तर पन्नास जास्त दिले. बॅटरीला लावली तर गार. हातात धरून ठेवली तरी गार. मी फुशारून गेलो.

त्या रविवारी डॉक्टरांनी आम्हा दोघांना मुल्लानपूरला नेलं. आता तिथं टॉवर उभे आहेत. तेव्हा भाताची रानं आणि मातीचा रस्ता. रस्त्याकडेला एका सरदारजींची शेड होती, तिथं ते ट्रकांच्या बॉड्या बांधायचे. माझ्याच वयाचे, आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा. कॅनडातल्या पुतण्यानं त्यांना ह्या गाड्यांचा नाद लावलेला, आणि डॉक्टरांशी त्यांची दोस्ती ह्याच नादापायी.

शेडच्या मागच्या भागात त्यांनी रस्ता केला होता. ट्रकाच्या प्लायवूडचे तक्ते जोडून, वर काळा रंग देऊन, दोन फटी कोरलेल्या. कडेनं तांब्याची पट्टी. लांब सरळ, मग गोल वळण, मग सापासारखं डावं-उजवं, परत सरळ. करंटला ट्रकची बॅटरी, आणि बॅटरीवर ट्रकातलाच एक मोठा खटका. गावची लाइट कधी येते कधी जाते. बॅटरी मात्र जात नाही, म्हणाले. मला माणूस तिथंच आवडला. पण पुढं जे घडलं त्यानं आवडेनासा झाला.

त्यांची लाल गाडी निघाली. तिच्यात पुतण्यानं पाठवलेली बाहेरची जोरकस मोटार. ती सरळीवरनं गेली तेव्हा मला दिसली नाही. आवाज मात्र इकडनं तिकडं गेला. वळणावर लाल रेघ वाकली आणि परत सरळ झाली. मग डॉक्टरांनी आमची निळी सोडली. ती निघाली बैलगाडीसारखी. लालच्या तीन फेऱ्या झाल्या तेव्हा आमच्या दोनसुद्धा नाहीत.

सरदारजी पोट धरून हसले. "डॉक्टर साब, फौजी साब ने तो इसमें पंखा लगा दिया! पीछे बैठ जाओ जी, हवा आएगी!"

डॉक्टरही हसले. आमच्या मंडळींनी पदर तोंडाला लावला, मी बघितलं.

"हाताची मोटार आहे," मी म्हणालो. "एकेक वेढा मोजलेला आहे."

"हाथ तो हाथ है जी," सरदारजी आता हसत नव्हते, प्रेमानं समजावत होते, आणि तेच मला लागलं. "मशीन के आगे हाथ क्या करेगा? जमाना बदल गया."

ते खोटं बोलत नव्हते, म्हणून लागलं. त्या उन्हाळ्यात टेबलावर माश्या बसत होत्या. बाजार नव्या मालानं भरला होता आणि जळका पंखा बांधून घेण्यापेक्षा नवा उचलणं लोकांना सोपं वाटायला लागलं होतं. जुनी गिऱ्हाइकं दुकानावरनं जाताना मान दुसरीकडं वळवायची, हातात नव्या पंख्याचं खोकं असायचं. हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. आणि आज हा माणूस ते सगळ्यांदेखत बोलला.

मी म्हणालो, "दिवाली से पहले वाला इतवार. सौ फेरे. मेरी गाडी आपकी गाडी के पीछे रही, तो दुकान का शटर नीचे, फिर ऊपर नहीं होगा. फौजी की जुबान."

"ओ छोड़ो जी, मजाक था—"

"जुबान दे दी."

संध्याकाळी परत आलो. घरी, म्हणजे बाजारामागच्या आमच्या दोन भाड्याच्या खोल्यांत, मंडळींनी चहा ठेवला आणि पाठ करूनच विचारलं, "दुकान कुणाचं?"

"आपलं."

"आपलं ना? मग अर्ध्या दुकानाला कुणी विचारलं? तुमच्या तोंडाला शटर नाही, म्हणून माझ्या मशीनला कुलूप?"

"शब्द गेला आता."

"तुमचा गेला. माझा माझ्याजवळ आहे." तिनं कप माझ्यापुढं आदळला. "गाडी मी चालवणार."

"तू?"

"अर्धं दुकान माझं तर अर्धी गाडी माझी. तुम्ही बांधा, मी चालवते. आणि तुमचं बोट बघितलंत का? एकदा दाबलं की उचलायचं माहीत नाही त्याला."

तिच्याशी वाद घालून मी आजवर कधी जिंकलेलो नाही.

सोमवारी डॉक्टर एक परदेशी मासिक घेऊन आले. त्यात लिहिलं होतं, वेगाची मोटार हवी तर वेढे कमी करा आणि तार जाड घ्या. मी मासिक मिटून त्यांच्या हातात दिलं.

"डॉक्टर, हे चोराचं पुस्तक आहे."

"काका, ते पंख्याला. ही मोटार वेगळी. हिला वेढे कमी दिले की ही जोरात फिरते, बाप्पा, सायन्स आहे."

"माझ्या टेबलावर वेढे कमी होणार नाहीत."

आठ दिवस मी तसाच बसलो. नव्वद भरून बघितले, पंच्याऐंशी भरून बघितले. मासिकवाला म्हणत होता पंचावन्न-साठ. पंच्याऐंशीच्या खाली आलो की हात थांबायचा. खोटं सांगत नाही, बोटं पुढं जायची नाहीत. चाळीस वर्षं ज्या बोटांना एकच शिकवलं त्यांना आता उलटं कसं सांगायचं?

शेवटी मंडळींनीच मशीन थांबवली. "चोरी म्हणजे काय? सांगा मला."

"तांबं कमी घालणं."

"तार जाड घेताय ना? मग तांबं कमी कसं? वजन करून बघितलंत?"

बघितलं नव्हतं. शेजारी सराफ होता. मी तीन डब्या घेऊन त्याच्याकडं गेलो. एकीत माझ्या पहिल्या मोटारीतली, एका दाताची, चाळीस नंबरची एकशे चाळीस वेढ्यांची तार. दुसरीत अडतीस नंबरची, नव्वद वेढ्यांची. तिसरीत छत्तीस नंबरची. दातात मावेल तेवढी भरली तर ती छप्पन्न वेढ्यांतच भरली होती. सराफानं तिन्ही बोळे आळीपाळीनं सोन्याच्या काट्यावर ठेवले. काटा तीनदा एकाच ठिकाणी येऊन उभा राहिला.

मी म्हणालो, परत वजन करा. त्यानं परत केलं. तिथंच.

तांबं तेवढंच. वेढे एकशे चाळीस असोत, नव्वद असोत, छप्पन्न असोत, जागा भरली की तांबं तेवढंच. चाळीस वर्षं मी आकडा मोजत होतो आणि वजन कधी केलं नव्हतं. मी त्या काट्याकडं बघत राहिलो. सराफ म्हणाला, "अंकल, सोना है क्या?"

दुकानात येऊन सांगितलं. मंडळींना काही विशेष वाटलं नाही. "परकराचं कापड तेवढंच असतं," ती म्हणाली, "चुण्या दाट घ्या नाहीतर विरळ घ्या. कापड कुठं चोरीला जातं?"

छप्पन्न वेढे भरले आणि बॅटरीला लावली.

काय सांगू? आधी ती गुणगुणली. मग तो आवाज वर चढला, आणखी वर, रातकिड्याच्या वर, शिट्टीच्या वर, आणि मला वाटलं आता थांबेल, तर थांबला नाही. बोराएवढी वस्तू. माझी चिमूट थरथरायला लागली. बाजारातली माणसं वळून बघायला लागली. मी दुकानात उभा होतो आणि माझ्या हातात, माझ्याच हाताची, अशी काहीतरी वस्तू होती जी मला आजवर माहीत नव्हती. आणि मग फट् आवाज झाला आणि सगळी तार बाहेर फेकली गेली.

एवढ्या वेगात तार दातावर राहत नाही, हे नवीन ज्ञान. मंडळींनी आपल्या डब्यातला रेशमाचा धागा काढून दिला. दुसरी बांधली तेव्हा प्रत्येक दाताला त्या धाग्यानं आवळलं, वार्निश पाजलं आणि तव्यावर वाळू तापवून त्यात ठेवून भाजलं. मग दोन ब्लेडी समोरासमोर उभ्या करून त्यांच्या धारेवर आर्मेचर ठेवलं. ते आपोआप लोळलं आणि जड दात खाली करून थांबलं. त्या दातातनं सुईच्या टोकाएवढं लोखंड खरवडलं. परत ठेवलं. पाच दिवस हेच. सहाव्या दिवशी ते ठेवलं तिथं राहिलं, कुठलाच दात खाली जाईना. धारेवर एवढीशी वस्तू निश्चल. मी मंडळींना हाक मारली, "ये, बघ." ती आली, वाकून बघितलं, आणि टेबलाला धक्का नको म्हणून पदर आवरून धरला.

बाकी गाडीचंही तसंच. टायर पॉलिश पेपरवर फिरवून गोल केले. बॉडी आतनं ब्लेडनं खरवडून पातळ केली, एवढी की उजेडाला धरली तर बोट दिसावं. बुडाला शिसं चिकटवलं, वळणावर दबून राहावी म्हणून. आणि डॉक्टर म्हणाले, बॉडीचे स्क्रू अर्धा आटा सैल ठेवा. मी जन्मात स्क्रू सैल ठेवलेला नाही. पण बॉडी जरा डुलती राहिली की वळणावर गाडी उडत नाही, हे डोळ्यांनी बघितल्यावर गप्प बसलो. घट्ट आवळलेलं तेवढं चांगलं, असं मी एकसष्ट वर्षं धरून चाललो होतो.

दर रविवारी मुल्लानपूर. मंडळी पहिल्या दिवशी सात वेळा उडाल्या. एकदा गाडी सरदारजींच्या लस्सीच्या ग्लासात. "कोई बात नहीं, भाभीजी, गाडी को भी प्यास लगती है." पण तिसऱ्या रविवारी ती उभी राहायची सोडून स्टुलावर बसली, जशी मशीनपुढं बसते, आणि तिथनं उडणं बंद झालं. मी तिच्या बोटाकडं बघत होतो. वळण यायच्या वीतभर आधी बोट हलकं व्हायचं आणि वळण संपायच्या आधीच परत दाब यायचा. कॉलरचा कोपरा शिवताना तिचा पाय हेच करतो. रोज माझ्या उजव्या हाताला चार फुटांवर हे चाललेलं, आणि मी ते कधी बघितलंच नव्हतं.

दिवाळीच्या आधीचा रविवार उजाडला. दुपारची वेळ, शेडच्या पत्र्यातनं उन्हाचे कवडसे. लाल गाडीवर सरदारजी, निळीवर मंडळी. डॉक्टर रेषेजवळ बसून खडूनं फेऱ्यांच्या रेघा मारणार. मी बॅटरीजवळच्या वळणावर, उडालेली गाडी परत फटीत ठेवायला.

शंभर फेऱ्या. खटका मी पाडला आणि दोन्ही गाड्या सुटल्या.

पहिल्या वीस फेऱ्या लाल पुढं. सरळीवर ती सरसच होती. पण वळणावर मंडळी अंतर थोडं-थोडं खात होत्या. चाळिसाव्या फेरीला सरदारजी सापवळणात उडाले. मी गाडी उचलून फटीत ठेवली, इमानानं, पटकन. पण तेवढ्यात निळी पुढं गेली ती गेलीच. सरदारजी पुढं वाकले. डॉक्टर फेऱ्या पुटपुटत होते. पत्र्याखाली फक्त त्या दोन आवाजांची गुंफण, एक जाड, एक बारीक. बारीक आवाज माझा. दर फेरीला तो माझ्या कानापाशी येऊन जायचा. छप्पन्न वेढे, रेशमाचा धागा, तव्यावरची वाळू, आणि ते सगळं एका बाईच्या बोटाखाली. सत्तर. ऐंशी. अर्धी फेरी पुढं.

नव्वद झाल्या. एक्याण्णव. आणि मला वास आला.

वार्निशचा वास. ज्यानं ही कामं केली त्याला तो झोपेतसुद्धा कळतो. तापलेल्या वार्निशला आधी एक गोडसर वास असतो, मग करपट. गोड असेपर्यंत मोटार वाचते. पलटणीत पहिल्या दिवशी शिकवलेलं, वास आला की आधी करंट तोड, विचार नंतर कर. शपथेवर सांगतो, मी विचार केला नाही. दुकान आठवलं नाही, शब्द आठवला नाही, मंडळी आठवल्या नाहीत. माझा हात गेला आणि त्यानं खटका वर केला.

दोन्ही गाड्या होत्या तिथं थांबल्या.

 मंडळी घोडा दाबत होत्या आणि काही होत नव्हतं. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"काय केलंत?"

"मोटार जळत होती."

"काका!" डॉक्टर खडू टाकून उठले. त्यांनी आमची निळी उचलली, उलटी केली, मोटारीला बोट लावलं. "गरम आहे. पण धरवते हो." तोवर सरदारजींनी आपली लाल उचलली आणि "ओए!" करून सोडून दिली. बोट तोंडात घातलं.

मी जाऊन ती उचलली, रुमालात धरून नाकाजवळ नेली. वास तिचा होता. झाकणाच्या फटीतनं बघितलं, तार तपकिरी झालेली. वळणावर हरलेलं सरळीवर भरून काढायला सरदारजींनी पन्नास फेऱ्या घोडा दाबून धरला होता.

"जल गई?" त्यांनी विचारलं.

"जली नहीं. और दो-चार फेरे में जल जाती."

ते माझ्या नाकाकडं बघत राहिले. "सूंघ के पता चला? यहाँ से?"

"चालीस साल का नाक है." मग मी सरळ उभा राहिलो. "खटका मैंने बंद किया. रेस मैंने तोडी. हार मेरी. दुकान बंद."

"काका, असं काय—" डॉक्टर म्हणाले.

"शब्द म्हणजे शब्द."

"हो का?" मंडळी स्टुलावरनं उठल्या. "शब्द काय होता? गाडी मागं राहिली तर. बघा कुठं उभी आहे ती. अहो, बघा तरी!"

डॉक्टरांनी निळी पुन्हा जिथल्या तिथं ठेवली होती, वळण संपून सरळी लागते तिथं. लाल जिथनं उचलली ती जागा अर्धा रस्ता मागं, पलीकडच्या कडेला.

"भाभीजी आगे हैं," सरदारजी म्हणाले. "बस. खत्म."

"नौ फेरे बाकी," मी म्हणालो.

"फौजी साब, नौ फेरे मेरी गाडी अब लगा नहीं सकती. ओ मन्न जाओ कदी, मान भी लो!" आणि लाल गाडीतनं मोटार काढून, फुंकर घालत, त्यांनी माझ्या खिशात टाकली. "आप बांधो. हाथ से."

परतीच्या वाटेवर डॉक्टर एकटेच खुशीत बोलत होते. मंडळी खिडकीतनं बाहेर बघत. मला वाटलं होतं खूश असेल. घरी आल्यावर चपला काढता-काढता ती म्हणाली, "नऊ फेऱ्या राहिल्या माझ्या."

"मोटार वाचवली मी."

"त्यांची. वाचवलीत, चांगलं केलंत. पण तुम्हाला वास आला की सगळ्यांनी थांबायचं. तुम्ही मोजायला लागलात की सगळ्यांनी थांबायचं." ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी शटर वर केलं. ती मशीनवर बसली, एका सुटाची बाही लावायला घेतली. मी सरदारजींची मोटार उघडली, भिंग लावलं, पहिल्या दाताची तपकिरी तार चिमट्यात धरली. मशीनचा आवाज थांबला. बघितलं तर तिनं पाय उचलून धरला होता, हात मांडीवर.

"चालू दे," मी म्हणालो.

"मोजताय ना?"

"मोजतोय. चालू दे तू."

तिनं बाही सुईखाली सारखी केली. मग पाय टेकवला. मशीन खडखडायला लागली आणि मी त्या खडखडाटात वेढे मोजायला लागलो. एक, दोन, तीन. त्रेचाळीसला आकडा हुकला. अजून दोन दात होते, तेवढ्याच वेढ्यांचे. दुसरा दात एकपासून धरला.